वायरमन, सुपरवायझर, ठेकेदार: नागपुरात वीजकामाचे परवाने कोणत्या क्रमानं काढायचे आणि घोडं कुठे अडतं

परवान्याचा अर्ज अडकला की कारण बहुधा कागदांच्या क्रमात सापडतं. आधी काम सुरू होतं, मग अनुभवाच्या दाखल्याची शोधाशोध होते आणि शेवटी कुणाच्या तरी लायसनवर टेस्ट रिपोर्टची (वायरिंग तपासल्याच्या लेखी अहवालाची) सही मिळवली जाते. हा उलटा क्रम वायरमनला महागात पडतो आणि घरमालकालाही. घरात शॉक लागून कुणी दगावलं, तर काम कोणी केलं आणि त्याच्याकडे परवाना होता का, हेच आधी विचारलं जातं.

खालचे टप्पे परवाना काढू पाहणाऱ्या वायरमनसाठी आहेत, स्वतःची फर्म काढणाऱ्या सुपरवायझरसाठी आहेत आणि वायरिंग करून घेणाऱ्या मालकासाठीही आहेत. मालकांनी पहिला, सहावा आणि सातवा टप्पा तरी वाचावाच.

## टप्पा १: हे काम परवान्याचं आहे का, ते ठरवा

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत (२०१० च्या विनियमांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे) नियम स्पष्ट आहे. ग्राहकाच्या जागेतलं नवं वायरिंग, वाढीव काम, फेरफार किंवा दुरुस्ती करायची तर तीन गोष्टी एकत्र लागतात: राज्य शासनाचं लायसन असलेला विद्युत ठेकेदार, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची थेट देखरेख आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट. यांतली एक गोष्ट असली म्हणून बाकीच्या दोन माफ होत नाहीत.

सूट आहे, पण ती अरुंद आहे. २५० व्होल्टपर्यंतचे दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलायला परवाना लागत नाही. अट एवढीच की त्या बदलानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. रोजच्या कामात याचा अर्थ असा होतो:

- जळालेला पंखा काढून दुसरा टांगला: चालतं.
- तुटलेला ६ अँपिअरचा सॉकेट काढून तसाच दुसरा लावला: चालतं.
- त्याच वायरवर ६ च्या जागी १६ अँपिअरचा सॉकेट लावला: चालत नाही.
- कूलरसाठी खिडकीबाहेर नवा पॉइंट काढला: चालत नाही.
- एसीसाठी बोर्डापासून वेगळी लाइन ओढली: चालत नाही.
- एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) सारखी पडते म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ ची बसवली: अजिबात चालत नाही.

शेवटचा प्रकार नुसता 'बदलून दिली' असा वाटतो, म्हणून त्यात सगळ्यात जास्त चूक होते. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करते. पाइपातून गेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण वीसेक अँपिअर सोसते. तिच्यावर ३२ ची एमसीबी बसली, तर वायरचं इन्सुलेशन भाजून निघेल पण एमसीबी पडणार नाही. नागपूरच्या मे महिन्यात स्लॅबमधला पाइप आधीच तापलेला असतो, त्यामुळे वायरची ताकद आणखी घटते. एमसीबी पडते तेव्हा दोष लोडमध्ये किंवा वायरमध्ये शोधायचा असतो. मोठी एमसीबी हा त्यावरचा इलाज नव्हे.

> थांबा: मीटर, मीटरचं सील, कटआउट आणि खांबावरची सर्व्हिस वायर महावितरणच्या ताब्यातली असते. कोणताही परवाना तुम्हाला तिथे हात लावायची मुभा देत नाही. सील तोडणं हा गुन्हा आहे. सप्लाय मागून बंद करायचा असेल तर १९१२ वर किंवा आपल्या वितरण केंद्रात कळवा.

## टप्पा २: तीन परवाने, तीन वेगळी माणसं

परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. नागपूरचं विद्युत निरीक्षक कार्यालय हे शासनाचं तपासणीचं कार्यालय आहे. महावितरण किंवा महापालिका वीजकामाचा परवाना देत नाही. 'महावितरणच्या यादीत माझं नाव आहे' असं कोणी म्हणाला, तरी मंडळाचा कागद मागायचाच.

तारतंत्री परमिट. हे हातानं काम करणाऱ्याचं. परमिटवाला वायर ओढतो, बोर्ड भरतो, जोडण्या करतो. मात्र परमिटच्या जोरावर त्याला स्वतःच्या नावानं वायरिंगचं कंत्राट घेता येत नाही आणि टेस्ट रिपोर्टवर ठेकेदार म्हणून सही करता येत नाही.

पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र. देखरेख करणाऱ्याचं. कामाच्या जागी उभं राहून वायरची जाडी, अर्थिंग, जोडण्या आणि चाचण्या त्यानं स्वतः पाहायच्या असतात. हे प्रमाणपत्रही ठेकेदारीची मुभा देत नाही.

विद्युत ठेकेदाराचं लायसन. काम अंगावर घेणाऱ्या व्यक्तीचं किंवा फर्मचं. ते पर्यवेक्षकावर उभं असतं. पर्यवेक्षक नसेल तर लायसन भिंतीवर असूनही काम घेता येत नाही.

आयटीआयचं प्रमाणपत्र ही पात्रता आहे, परवाना नाही. वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेड पास होऊन वर्षानुवर्षं परमिटशिवाय काम करणारे शेकड्यांनी सापडतात, आणि त्यांतल्या अनेकांना आपलं काही राहून गेलंय हेच माहीत नसतं. पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर विजेच्या योजनेतल्या व्हेंडर नोंदणीचंही असंच आहे. ती नोंदणी योजनेपुरती असते. छतावरून खाली येणाऱ्या लाइनचं काम परवानाधारकाकडूनच व्हायला हवं.

## टप्पा ३: अर्जाआधी सहा महिने कागद जमवा

अर्ज भरायला तासभर पुरतो, कागद सरळ करायला कित्येक महिने लागतात. म्हणून सुरुवात इथून करा.

नाव एकसारखं करा. दहावीची गुणपत्रिका, आधार, आयटीआय प्रमाणपत्र आणि अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्र शेजारी-शेजारी ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. एकीकडे 'देवराव' आणि दुसरीकडे नुसतं 'डी.' असेल, एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी असेल, तर ते आत्ताच दुरुस्त करा. आयटीआयच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती आपल्या संस्थेमार्फत करावी लागते आणि तिला वेळ लागतो. श्रद्धानंदपेठेतल्या शासकीय आयटीआयमधून शिकला असाल तर तिथल्याच कार्यालयात जा. खासगी आयटीआयतून शिकला असाल तर त्या संस्थेकडून सुरुवात करा. नावच बदललं असेल तर राजपत्राची प्रत लागते.

अनुभवाचा दाखला नीट लिहून घ्या. सगळ्यात जास्त अर्ज इथे फसतात. 'हा मुलगा माझ्याकडे काम करतो, होतकरू आहे' अशी चिठ्ठी म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे. ठेकेदाराच्या लेटरहेडवर एवढं हवं:

- ठेकेदाराचा लायसन क्रमांक आणि त्याची वैधता
- ज्या पर्यवेक्षकाच्या हाताखाली काम केलं त्याचं नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक
- कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, दिवस-महिना-वर्षासह
- कामाचं स्वरूप: घरगुती वायरिंग, औद्योगिक वायरिंग, पॅनल, केबल, मोटर-स्टार्टर, अर्थिंग, आणि कोणत्या व्होल्टेजवर
- सही, शिक्का, जावक क्रमांक आणि तारीख

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात मेंटेनन्सला असाल तर दाखल्यावर पद काय लिहिलंय ते पाहा. 'हेल्पर' किंवा 'ऑपरेटर' असं पद असेल, तर प्रत्यक्षात रोज पॅनल उघडत असलात तरी ते कागदावर दिसत नाही. विद्युत देखभालीचं काम असा स्पष्ट उल्लेख मागून घ्या. पगार बँकेत जमा होत असेल, पीएफ किंवा ईएसआयसी कापली जात असेल, तर ते पुरावे दाखल्याला बळ देतात.

> तपासा: तारखांचा हिशेब मांडा. आयटीआयला पूर्णवेळ हजर होतात त्याच महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव दाखवलाय का? ठेकेदाराला लायसन मिळण्याआधीचा काळ धरलाय का? दोन दाखल्यांच्या तारखा एकमेकींवर चढल्यात का? यांतला एक जरी घोळ असला तरी खरा अनुभवही संशयात येतो.

खोटा दाखला घेऊ नका. पैसे टाकून दाखला मिळतो हे खरं आहे. पण तो देणारा ठेकेदार वीस जणांना तसाच दाखला देत असतो, आणि एका वेळी वीस वायरमन ठेवण्याइतकं काम त्याच्याकडे नसतं, हे पडताळणीत दिसतं. अर्ज तर जातोच, वर खोटी कागदपत्रं दिल्याचा ठपका राहतो. त्यापेक्षा नोंद असलेली अप्रेंटिसशिप करा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्रावर कोणी शंका घेत नाही. कोराडी आणि खापरखेडा वीज केंद्रं, महावितरणची कार्यालयं, एमआयडीसीतले मोठे कारखाने यांच्या जाहिराती शासनाच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर येतात. त्यासाठी नोंदणी आयटीआयच्या शेवटच्या वर्षातच करून ठेवा.

बाकीचे कागद. पासपोर्ट आकाराचा नवा फोटो, सहीचा नमुना, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा. सही सगळीकडे एकच करा. अर्जावर मराठीत आणि आधारावर इंग्रजीत, असं केलं की शंका निघते.

## टप्पा ४: परमिट आणि पर्यवेक्षक प्रमाणपत्राचा अर्ज

दोन्हीकडे जायला दोन वाटा आहेत. एक शिक्षणाची: ट्रेड, पदविका किंवा पदवी आणि त्यासोबत ठरलेला अनुभव. दुसरी मंडळाच्या परीक्षेची. किती वर्षांचा अनुभव लागेल ते शिक्षणानुसार बदलतं, म्हणून शेजारच्याला लागलेली वर्षं आपल्यालाही लागू आहेत असं धरू नका. अर्जाच्या दिवशी मंडळाच्या सूचनेत जी अट लिहिली असेल तीच खरी.

क्रम असा ठेवा:

1. सूचना पूर्ण वाचा आणि आपण कोणत्या वर्गात बसतो ते एका ओळीत कागदावर लिहा. चुकीच्या वर्गातला अर्ज बाकी सगळं बरोबर असूनही परत येतो.
2. मूळ कागद स्कॅन करा. झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो लावू नका. त्यावर शिक्का आणि तारीख वाचता येत नाही.
3. अर्ज भरा. जतन करून ठेवा, दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी वाचा आणि मगच सादर करा.
4. शुल्क शासनाच्या ऑनलाइन भरण्यातूनच भरा. पावती आणि अर्ज क्रमांक दोन्ही छापून ठेवा.
5. त्रुटी कळवली गेली तर फक्त तेवढीच नाही, तिच्याशी जोडलेले सगळे कागद पाहा. नावाची त्रुटी एका कागदावर दाखवली असली तरी ती बहुधा तिघांवर असते.

परीक्षेला बसणार असाल तर पाठांतरापेक्षा हातातल्या कामाचं गणित पक्कं करा. लोडवरून करंट काढणं, करंटवरून वायर आणि एमसीबी निवडणं, जिन्याच्या टू-वे स्विचची आकृती, मोटरचे डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर, प्लेट आणि पाइप अर्थिंगची मापं, मेगर आणि अर्थ टेस्टर लावण्याची पद्धत, शॉक लागलेल्या माणसावरचे प्रथमोपचार. या शेवटच्या विषयाकडे दुर्लक्ष होतं. आधी सप्लाय तोडायचा, मगच माणसाला हात लावायचा. श्वास थांबला असेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब द्यायचे, आणि ३० दाबांनंतर २ श्वास. हे परीक्षेपुरतं नाही, साइटवरच्या प्रत्येकाला यायला हवं.

> थांबा: 'परीक्षा न देता, घरबसल्या परमिट' असं सांगणाऱ्याला कागद देऊ नका. असे बनावट परमिट आधी टेस्ट रिपोर्टवर पकडले जातात आणि तोवर तुमच्या मूळ कागदांच्या प्रती त्याच्याकडे राहिलेल्या असतात.

अर्ज विनाकारण पडून राहिला, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली पहिलं अपील करता येतं. अर्ज फेटाळल्यापासून किंवा ठरलेली मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ते करायचं असतं. त्यासाठीच पावती आणि अर्ज क्रमांक जपायचा.

## टप्पा ५: ठेकेदाराचं लायसन

इथे आधी माणूस, मग हत्यारं, मग अर्ज.

माणूस. पर्यवेक्षक तुमच्याकडे पूर्णवेळ हवा आणि तो दुसऱ्या ठेकेदाराच्या लायसनवर चढलेला नको. नेमणूकपत्र, त्याचं संमतीपत्र आणि आधीच्या ठेकेदाराकडून मोकळा झाल्याचा कागद हे तिन्ही घ्या. तिसरा कागद राहून जातो आणि अर्ज तिथेच थांबतो. तुमच्याकडेच पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र असेल तर काम सोपं. पण मग दिवसभर साइटवर तुम्हालाच उभं राहायचंय, हे धरून कामं घ्या.

हत्यारं. ५०० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर म्हणजे मेगर, अर्थ टेस्टर, टाँग टेस्टर, मल्टिमीटर, फेज टेस्टर. बिलं फर्मच्या नावावर असू द्या आणि कॅलिब्रेशनची प्रमाणपत्रं चालू तारखेची ठेवा. बिल वडिलांच्या नावावर, फर्म मुलाच्या नावावर, असं झालं की उगाच खुलासे लिहावे लागतात. उधार आणलेला मेगर अर्जापुरता चालून जाईल, पण तपासणी आली तर काय दाखवणार? आणि रोजच्या कामाला तो लागतोच.

फर्म. पॅन, बँक खातं, गुमास्ता आणि असल्यास जीएसटी, सगळीकडे एकच नाव. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ प्रमाणे कामगार ठरलेल्या संख्येपेक्षा कमी असतील तर नोंदणीऐवजी व्यवसाय सुरू केल्याची सूचना देणं पुरतं. तिची पावती लावा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर जाणार असेल तर जीएसटी नोंदणी लागते.

हे लायसन मिळालं म्हणजे सरकारी टेंडर भरता येतात असंही नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा महावितरणची ठेकेदार नोंदणी ही वेगळी पायरी आहे.

## टप्पा ६: काम झाल्यावर, सहीआधी, चाचणी

लायसनची खरी किंमत इथे कळते. टेस्ट रिपोर्टवरची प्रत्येक सही म्हणजे 'मी मोजलं आणि ते सुरक्षित होतं' असं लेखी सांगणं. न मोजता केलेली सही माणसाच्या जिवाशी खेळते, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

इन्सुलेशन. मेन स्विच बंद करा. सगळे दिवे काढा, प्लग उपसा. एलईडीचे ड्रायव्हर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सर्ज प्रोटेक्टर वेगळे करा; नाहीतर रीडिंग खोटं कमी येतं किंवा ते उपकरणच जळतं. आरसीसीबीच्या (करंट गळला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचच्या) तारा सोडवा. स्विच सगळे चालू ठेवा, म्हणजे पंख्या-दिव्यांपर्यंतची तारही तपासली जाते. मग ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्या: फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ, फेज ते न्यूट्रल. किमान १ मेगाओहम आलंच पाहिजे. नव्या वायरिंगला त्याहून कितीतरी जास्त येतं. नव्या घरात नेमकं दीड-दोन मेगाओहम आलं तर 'पास झालं' म्हणून पुढे जाऊ नका. बोर्डाच्या स्क्रूखाली चिमटलेली वायर, ओलं प्लास्टर किंवा पाइपात शिरलेलं पाणी, यांतलं काहीतरी असतं. सर्किट एकेक करून सोडवा, दोष सापडतो.

अर्थिंग. नागपुरात हा भाग अवघड आहे. पश्चिमेकडच्या लेआउटमध्ये थोडं खोदलं की काळा पाषाण लागतो आणि अडीच मीटरचा पाइप पूर्ण जात नाही. मग काय होतं? पाइप कापला जातो, वर सिमेंटचं टाकं बांधलं जातं आणि बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं. खडक लागला तर पाइप कापू नका. जागा बदला, दोन-तीन इलेक्ट्रोड लांब-लांब घालून जोडा किंवा आडवी पट्टी पुरा. काळ्या मातीत अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात रीडिंग छान येतं, मे महिन्यात माती भेगाळून पाइपापासून सुटते आणि रीडिंग वर चढतं. म्हणून अर्थिंगचं रीडिंग तारखेसकट लिहा आणि उन्हाळ्यात परत घ्या.

अर्थ टेस्टरचे दोन खिळे इलेक्ट्रोडपासून एका सरळ रेषेत, पुरेसे लांब ठोकावे लागतात. घराभोवती सगळं काँक्रीट आहे म्हणून दोन हातांवर ठोकलेल्या खिळ्यांचं रीडिंग निरुपयोगी असतं. जवळची मोकळी जागा शोधा.

आरसीसीबी. 'अर्थिंग ५ ओहम आलं, आता आरसीसीबी कशाला?' हा प्रश्न रोज येतो. गणित करून पाहा. २३० व्होल्टला ५ ओहमनं भागलं की ४६ अँपिअर येतात. १६ अँपिअरच्या सी-कर्व्ह एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे कूलरच्या पत्र्यात फेज उतरला, तरी एमसीबी लगेच पडणार नाही आणि तोवर पत्रा जिवंत राहील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र क्षणात पडते. ओल्या पायांनी, टाकीत पाणी भरताना, पत्र्याला हात लावणाऱ्या माणसाला वाचवणारं दुसरं काही त्या घरात नसतं. तिचं टेस्ट बटण मालकासमोर दाबून दाखवा आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगा.

कूलरच्या पॉइंटवर आणखी एक गोष्ट पाहाच: कूलरला तीन पिनांचा प्लग आहे का, आणि त्याची हिरवी तार आत खरंच पत्र्याला जोडलीय का. अनेक कूलरमध्ये ती कापून टेप लावलेली सापडते. तुमची भिंतीतली अर्थिंग कितीही चांगली असली तरी ती मग कूलरपर्यंत पोचत नाही.

पोलॅरिटी. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, वर अर्थ. स्विच फेजवर हवा. प्रत्येक सॉकेट तपासा, नमुन्यादाखल दोन-चार नाही.

> तपासा: चारही चाचण्यांचे आकडे, तारीख, उपकरणाचा क्रमांक आणि मोजणाऱ्याचं नाव साइटवरच वहीत लिहिलं का? ऑफिसात बसून आठवून लिहिलेले आकडे सगळीकडे सारखे येतात आणि ते लगेच ओळखू येतं.

## टप्पा ७: टेस्ट रिपोर्ट आणि नवी जोडणी

आता क्रम सरळ आहे: वायरिंग पूर्ण, चाचणी, टेस्ट रिपोर्ट, मग महावितरणकडे नव्या जोडणीचा ए-वन अर्ज. सोबत ओळखीचा पुरावा, जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा पुरावा आणि टेस्ट रिपोर्ट. पुढे पाहणी, डिमांड नोट (भरायच्या रकमेचं पत्र), पैसे भरणं आणि मीटर.

मालकांनी रिपोर्टवर पाच गोष्टी पाहाव्यात. ठेकेदाराचा लायसन क्रमांक आहे का. त्याची वैधता आजच्या तारखेला चालू आहे का. पर्यवेक्षकाचं नाव आणि सही आहे का, आणि तो माणूस तुमच्या घरी आला होता का. लोड तुमच्या घराशी जुळतो का. दोन एसी आणि गिझर असताना रिपोर्टवर १ किलोवॅट लिहिलं असेल तर नंतर तुम्हालाच त्रास. आणि चाचणीचे आकडे खरेच भरलेत का, की जागा कोरी आहे.

दुकानातून किंवा झेरॉक्सवाल्याकडून 'सही केलेला रिपोर्ट' घेऊ नका. त्यावर ज्यानं सही केली त्याला तुमचं घर कुठे आहे हेही माहीत नसतं. ठेकेदारांनीही कोरे सही केलेले रिपोर्ट कुणाच्या हाती देऊ नयेत; ज्या घराला तो लागेल त्या घरातल्या अपघाताचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

१५ मीटरपेक्षा उंच इमारत असेल तर ठेकेदाराच्या रिपोर्टवर भागत नाही. जोडणीआधी विद्युत निरीक्षकाची तपासणी लागते. ट्रान्सफॉर्मर किंवा उच्चदाब जोडणी असेल तर नकाशे आणि तपासणीचं वेळापत्रक काम सुरू होण्याआधीच निरीक्षक कार्यालयाशी ठरवा. फिनिशिंग झाल्यावर पॅनल रूम लहान पडली असं कळलं, तर भिंत फोडावी लागते.

## टप्पा ८: परवाना हातात आल्यावर

वैधतेची तारीख मोबाइलमध्ये तीन महिने आधीच्या आठवणीसह टाका. मुदत संपल्यावर नूतनीकरण होतं, पण मधल्या काळात घेतलेलं काम आणि केलेली सही विनापरवाना ठरते.

पर्यवेक्षकानं सोडलं की त्याच आठवड्यात मंडळाला कळवा आणि दुसरा नेमा. 'महिनाभरात कोणी मिळेलच' म्हणून जुन्याच्या नावावर रिपोर्ट देत राहू नका. त्यानं दुसरीकडे नाव चढवलं की दोन फर्मच्या रिपोर्टवर एकच पर्यवेक्षक दिसतो आणि दोघंही अडकतात. पत्ता, भागीदार किंवा फर्मचं नाव बदललं तरी हेच.

परमिट साइटवर जवळ ठेवा, लॅमिनेशन करून नको. त्यावर पुढची नूतनीकरणाची नोंद करायची वेळ आली तर फाडावं लागतं. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. आणि प्रत्येक कामाची एक फाइल ठेवा: रेखाचित्र, वापरलेल्या वायर-एमसीबीची बिलं, चाचणीची वही, टेस्ट रिपोर्टची प्रत. मालकानं नंतर दुसऱ्या कुणाकडून एसीची लाइन वाढवून घेतली आणि आग लागली, तर तुम्ही काम सोडलं त्या दिवशी तिथे काय होतं, हे दाखवायला त्या फाइलशिवाय दुसरं काही नसतं.